खात्रीबाईंची प्लेट

प्रयोगशाळेत तिला सगळे खात्रीबाई म्हणत. वीस वर्षं प्लेटमध्ये जंतू वाढवून त्यांच्यावर औषधं तपासणारी ही बाई स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय दुधालासुद्धा पांढरं म्हणायची नाही. नावात थट्टा होती, पण ती ते मिरवायची.

आईच्या मूत्रपिंडात जंतुसंसर्ग झाला. डॉक्टरांनी सात दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या आणि वहिनी त्या घड्याळ लावून देत होती. तिसऱ्या दिवशी आईने उठून दोन घास खाल्ले. वहिनीच्या जिवात जीव आला, पण खात्रीबाईंच्या डोक्यात किडा वळवळला. हल्ली बाजारात काय वाट्टेल ते खपवतात! तिने एक गोळी कुटली, गोळ्यांआधी घेतलेल्या आईच्याच लघवीच्या नमुन्यातले जंतू प्लेटवर पसरले आणि मधोमध चिमूटभर भुकटी ठेवली.

औषध खरं असतं तर सकाळी भुकटीभोवती मोकळं कडं दिसायला हवं होतं. जंतू तर भुकटीला खेटून, फुकटच्या जेवणाला बसल्यासारखे वाढले होते.

"बनावट आहेत! फेकून दे," घरी येताच ती म्हणाली.

"अहो ताई, पण आईंचा ताप उतरतोय."

"तुला जास्त कळतं की मला?"

वहिनीने पाकीट कचऱ्यात टाकलं. डॉक्टर गावाला गेले होते, सोमवारी दुसरं औषध लिहून घ्यायचं ठरलं. रविवारी संध्याकाळी आई हुडहुडी भरून थरथरू लागली. जंतू रक्तात पसरले होते. बुधवारी इस्पितळातच तिने प्राण सोडला.

रजा संपवून खात्रीबाई कामावर आली, तेव्हा ती प्लेट मोठ्या सरांच्या हातात होती. झाकणावर तिनेच गोळीचं नाव लिहिलं होतं.

"हे काय केलंस? ही गोळी अशी चालतच नाही," सर म्हणाले. "आतड्यातून रक्तात नीट शिरावी म्हणून औषधाला एक टोपण जोडलेलं असतं. शिरताना शरीरातली एन्झाइम ते काढतात, तेव्हा आतलं पेनिसिलिन मोकळं होतं. मग जंतूंना आपली भिंत धड बांधता येत नाही, वाढायला गेले की फुटतात. प्लेटला कुठलं आलंय आतडं? नमुना कुणाचा होता?"

"असाच... एका पेशंटचा."

तिने प्लेट घेतली. आईला आपणच मारलं, हे तिला लख्ख कळलं होतं आणि ते कुणालाही सांगायची हिंमत तिच्यात नव्हती.

घरी वहिनी आईच्या लुगड्यांच्या घड्या घालत बसली होती. भाऊ औषधवाल्याशी कडाकडा भांडून आला होता, गल्लीने त्याच्या दुकानाची पायरी चढणं सोडलं होतं.

"ताई, एक विचारू?" वहिनी म्हणाली. "त्या गोळ्या मी माझ्या हाताने फेकल्या. घास उतरत नाही हो माझ्या गळ्याखाली. त्या खरंच बनावट होत्या ना?"

शब्द ओठांवर आला होता. खात्रीबाईने तो गिळला.

"हो. खात्री आहे."

वहिनी तिच्या कुशीत शिरून हमसून रडली. "तुम्ही होतात म्हणून निदान कळलं तरी," ती म्हणाली.