टेबलावर बसलेलं टेम्पोचं स्टिअरिंग

मित्रांनो, मी एक जुनं स्टिअरिंग आहे. बोईसरजवळ नवापूरला चंद्रकांताच्या घरी याल, तेव्हा कॉम्प्युटरच्या टेबलाला फळीसकट आवळलेला दिसेन. बघून हसू नका. मी खेळण्यांच्या दुकानातला नाही, खऱ्या टेम्पोचा आहे. कोणी विचारो न विचारो, हे मी सगळ्यांना सांगतो.

लोखंडी कडं, त्यावर काळं आवरण आणि मधोमध हॉर्नचं बटण, असं मला एका कारखान्यात घडवलं. तिथून मी आलो नवशाच्या हातात. चंद्रकांता ही या नवशाची मुलगी. बारा वर्षं आम्ही रोज सकाळी मासळी घेऊन बोईसरच्या आणि पालघरच्या बाजारात जायचो. मागे पाट्या घेऊन बायका बसायच्या, त्यांत नवशाची बायको जमनाही असायची. गल्लीच्या वळणावर नवशा दोनदा हॉर्न द्यायचा. जमना, निघ, असा त्याचा अर्थ. नवशाच्या गाडीत पाटीतलं पाणीसुद्धा सांडत नाही, असं बायका म्हणायच्या आणि मी फुगायचो.

मग एकदा कोळगावजवळ एक जनावर आडवं आलं. नवशानं मला गर्रकन फिरवलं आणि टेम्पो कलंडला. जीव सगळ्यांचे वाचले, पण जमनाचा उजवा हात मोडला. तो पुढे खांद्याच्या वर जाईना. तुझी चूक नव्हती, असं सगळे नवशाला सांगत राहिले. त्यानं ऐकून घेतलं आणि त्या दिवसापासून कुठल्याही गाडीला हात लावला नाही.

टेम्पो भंगारात गेला. चंद्रकांतानं मला तेवढं काढून घरी आणलं. चार वर्षं मी खुंटीवर जाळ्यांच्या मागे लटकत होतो. खोटं कशाला सांगू, मला नवशाचा फार राग यायचा. तो माझ्यासमोर बसून जाळी दुरुस्त करायचा, पण मान वर करून बघायचा नाही.

अठ्ठ्याण्णव साली गावच्या मच्छीमार संस्थेनं नवा टेम्पो घेतला आणि नवशाला बोलावलं. "माज्या हातात गाडी नको. दुसरा कोण बघा," तो म्हणाला. संस्थेनं नारळी पौर्णिमेपर्यंत थांबायचं कबूल केलं. त्यानंतर दुसरा ड्रायव्हर ठेवणार होते. इकडे जमना एका हातानं पाटी सावरत रिक्षांमागे धावत होती.

चंद्रकांता तारापूरच्या कारखान्यात रेडिओच्या पट्ट्यांना डाग द्यायची, म्हणजे तारा जोडायची. तिची मैत्रीण मंगळी बोईसरला कॉम्प्युटर शिकत होती. तिथे पडद्यावर मोटारींची शर्यत बघून चंद्रकांताच्या डोक्यात आलं, बाबा टेम्पोत बसत नाय, पण खुर्चीत बसेल. इथं कोणाला लागत तरी नाय.

पालघरच्या दुकानात जुने कॉम्प्युटर मांडून ठेवले होते. दुकानदार मोठा पडदा दाखवत होता आणि ही एकेक डबा उलटा करून पाठ तपासत होती. जमना मासा घेताना कल्ला उघडून बघते, अगदी तशी. शेवटी दिसायला सगळ्यात मळका डबा तिनं निवडला. त्यात आवाजाचं कार्ड होतं आणि त्याच्या मागे पंधरा भोकांचा सॉकेट होता. तोच हवा होता, कारण माझ्या तारा तिथेच जोडायच्या होत्या.

माझ्या दांड्याला तिनं रेडिओच्या आवाजाचं बटण बसवलं. मी फिरलो की ते फिरणार आणि कॉम्प्युटरला माझी दिशा कळणार. मला मध्ये परत ओढायला सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या लावल्या. पायाखाली वेग द्यायला बिजागरीची फळी आली, तिच्याखाली स्प्रिंग आणि दुसरं बटण. एक तार राहिली होती, तेवढ्यात कारखान्याची वेळ झाली.

ती तार जोडली वामनमामानं. हा जमनाचा भाऊ, जन्मभर होडी चालवणारा तांडेल. होडीत सुकाणूचा दांडा डावीकडं लोटला की होडी उजवीकडं वळते. मामानं तार या टोकाला लावून बघितली, मग त्या टोकाला, आणि होडीसारखं वळलं तिथेच पक्की केली. संध्याकाळी चंद्रकांता बसली आणि पहिल्याच वळणाला भिंतीवर गेली. दुसऱ्यालाही तेच.

"हे उलटं वळतंय, मामा."

"उलटं कसं? बघ," म्हणून मामा बसला आणि सुळकन वळण काढून गेला. खुशीत होता अगदी.

दारात नवशा जाळं घेऊन बसला होता. दोन फेऱ्या त्यानं दात आवळून बघितल्या. तिसरीला जाळं टाकून उठला.

"वामन, ही होडी नाय. गाडी हाय."

"मग तुमी दाखवा, भावोजी."

नवशा चंद्रकांताकडं वळून म्हणाला, "पयली ती तार बदल, चंद्रा." तिनं तार दुसऱ्या टोकाला लावली. नवशा खुर्चीत बसला आणि चार वर्षांनी त्याचे हात माझ्यावर आले. माझा सगळा राग तिथेच गेला, मित्रांनो.

पहिल्याच वळणाला तो भिंतीवर आदळला. पडद्यावर गाडी उलटी झाली. नवशानं हात सोडले आणि तो उठायला लागला.

जमना चुलीपासून बाहेर आली होती. तिनं डावा हात त्याच्या खांद्यावर ठेवला. "लागलं काय कोणाला? नाय ना? मग परत चालव."

तो परत बसला. दुसऱ्या दिवशीही बसला आणि मग रोजच. नारळी पौर्णिमेला चार दिवस असताना तो स्वतःहून संस्थेत जाऊन आला. घरात त्यानं कोणाला काही सांगितलं नाही.

पौर्णिमेनंतर होड्या पहिल्यांदा मासळी घेऊन आल्या. सकाळी जमना पाटी घेऊन रिक्षासाठी निघत होती, इतक्यात वळणावर दोनदा हॉर्न वाजला. ती उंबऱ्यातच थांबली. तिनं पदरानं डोळे पुसले आणि तिथूनच ओरडली, "येते. आज मी पुढं बसंन."

माझं स्वतःचं हॉर्नचं बटण कधीच मुकं झालंय, तरी त्या सकाळी मीच वाजलो असं मला वाटलं. मित्रांनो, तुमच्याही घरात खुंटीला काहीतरी लटकत असेल आणि दारात कोणीतरी गप्प बसलेलं असेल. खुंटीवरची वस्तू पुसून त्या माणसाच्या हाताला येईल अशी ठेवा. पहिल्या वळणाला तो आदळेल, तेव्हा त्याला उठू देऊ नका.