पिंपळाखालून आणलेलं घर

माझ्या धाकट्या बहिणीचा, चानपेंगचा नवरा लीवेन मूळचा बेल्जियमचा. तिकडे तो कापडाच्या गिरणीत माग दुरुस्त करायचा. गिरणी बंद पडली तसा फिरायला निघाला आणि आमच्या जिल्ह्याच्या गावी, कालासिनच्या बस स्टँडवर चानपेंगच्या शेवयांच्या गाडीसमोर येऊन बसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. तिसऱ्या दिवशी तिच्या गाडीचं डुगडुगणारं चाक काढून नीट बसवून दिलं. चानपेंग तेव्हा शेहेचाळीस वर्षांची विधवा होती. मला म्हणाली, "ताई, या माणसाला आपली भाषा येत नाही, पण चाक आता वाजत नाही."

लग्न करून तो आमच्या नोंग फाय गावात राहायला आला. तेव्हा सगळ्यांची घरं लाकडी खांबांवर उभी होती आणि प्रत्येक घराखाली मोडकं सामान पडलेलं असायचं. टाकवत नव्हतं आणि वापरता येत नव्हतं. पहिलं वर्षभर लीवेन सगळ्यांच्या घराखाली वाकून हिंडला. माझ्या घराखालून त्याने पंखा काढला. माझ्या नवऱ्याने सौदीला चार वर्षं सिमेंट कालवून तो आणला होता. नवरा गेला त्याच वर्षी पंखाही बंद पडला होता. लीवेनने तो दोन दिवस मांडी घालून उघडला, पुसला, त्यात तांब्याची तार गुंडाळली. पहिला वारा आला त्याला जुन्या धुळीचा वास होता. मला नवरा उघड्या अंगाने पंख्यापुढे बसलेला आठवला आणि मी आत जाऊन रडले. लीवेन घाबरला. त्याला वाटलं, काहीतरी चुकीचं जोडलं.

मग रांगच लागली. शिवणयंत्रं, रेडिओ, भात वाफवायची बूड गळणारी भांडी. पैसे तो घेत नसे. लोक अंडी ठेवायचे, केळ्यांचा घड ठेवायचे. आमच्या गावची देवऋषीण म्हातारी सीवाय तर रोज त्याच्या पडवीत येऊन बसायची.

"जावईबापू, माझे गुडघे पण एकदा उघडून बघ."

"आजी, या कंपनीचे सुटे भाग मिळत नाहीत," लीवेन म्हणायचा. आमची बोली तो तोंडात गरम भात धरल्यासारखी बोलायचा. म्हातारी दात नसलेल्या तोंडाने हसत राहायची.

ते दिवस मी अजून एकेक करून आठवते.

एकच गोष्ट त्याला आमची पटली नाही. कच्चा मासा. तळ्यातला छोटा मासा आम्ही बारीक चिरतो, त्यावर लिंबू, मिरची, भाजलेल्या तांदळाची पूड, आणि हातात चिकट भाताचा गोळा. आईने आम्हाला तसंच वाढवलं. लीवेनने कुठेतरी वाचलं की त्यात किडा असतो आणि तो यकृतात जाऊन बसतो. तीन वर्षं त्याने चानपेंगची विनवणी केली. शेवटी तिने आईच्या फोटोसमोर हात जोडून त्याला वचन दिलं की यापुढे शिजवल्याशिवाय मासा खाणार नाही.

दोन आठवडे तिने वचन पाळलं. मग एका दुपारी माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली.

"ताई, आज काय केलंस?"

"जे केलंय ते तुला चालत नाही."

"तुझ्या घरी चालतं. वचन माझ्या घरचं आहे."

आम्ही दोघी हसलो. मी पान वाढलं. त्यानंतर अकरा वर्षं, आठवड्यातून दोनदा तरी, ती गल्ली ओलांडून माझ्याकडे यायची. जाताना लिंबाच्या सालीने हात घासायची, पुदिना चावायची. मला वाटायचं, आईच्या हाताखालची धाकटी मुलगी मला परत मिळाली. त्या दुपारी माझ्या होत्या, लीवेनच्या नव्हत्या. हे मी आता कबूल करते.

चानपेंगला साठ वर्षं पूर्ण होणार होती. आमच्याकडे साठीला मोठा मान. लीवेन चार महिने आपल्या शेडचं दार बंद करून काही ठोकत होता, आणि विचारलं की नुसता हसायचा. वाढदिवसाच्या सकाळी त्याने आम्हा सगळ्यांना अंगणात बोलावलं. आमच्याकडे अंगणाच्या कोपऱ्यात जागेच्या राखणदार देवाचं छोटं घरकुल असतं, एका खांबावरचं, तिथे त्यांचं जुनं सिमेंटचं होतं. त्या जागी आता सागवानी घर उभं होतं. नक्षीचे कठडे, छोट्या पायऱ्या, आणि छपरावर नखाएवढी लाकडी कौलं, एकावर एक.

"दोनशे बारा," तो म्हणाला. "सगळी हाताने कापली. बाकीचं जुनंच आहे. देवळामागे पिंपळाखाली पडलं होतं. इतकं चांगलं काम, आणि कुणी टाकून दिलेलं."



पिंपळाखाली आम्ही जे ठेवतो ते टाकलेलं नसतं. ज्या घरातून राखणदार रुसून गेला, ज्या घराचं वाईट झालं, त्या घराचं देवाचं घरकुल आम्ही तिथे नेऊन ठेवतो आणि मागे न बघता परत येतो. ऊन-पावसाने ते हळूहळू संपायचं असतं. ते घरकुल कुणाचं होतं हेही मला ठाऊक होतं. शाळेच्या एका मास्तरांची दोन मुलं एका दिवशी तळ्यात बुडून गेली होती, त्यांच्या अंगणातलं.

पण आमच्याकडे कुणाच्या मेहनतीला तोंडावर नावं ठेवत नाहीत. तो माणूस घामाघूम होऊन बायकोच्या चेहऱ्याकडे बघत उभा होता. चानपेंग पुढे झाली, कौलांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "सुंदर केलंय." मग उदबत्ती लावली. मीही लावली. आमचा थोरला भाऊ खामसिंग तेवढा पाया न पडता निघून गेला.

लीवेनला तेव्हाच सांगायला हवं होतं. चाळीस माणसं होती अंगणात. एकानेही सांगितलं नाही. पाच महिने रोज सकाळी तो त्या घरापुढे फुलं आणि लाल सरबत ठेवत राहिला.

सहाव्या महिन्यात चानपेंगचे डोळे पिवळे झाले. अंगाला खाज सुटली, खाल्लेलं राहीना. आम्ही तिघं जिल्ह्याच्या इस्पितळात गेलो. लीवेन औषधांच्या रांगेत असताना डॉक्टर बाईंनी मला आत बोलावलं. पित्ताच्या नळीत गाठ आहे आणि फार पसरली आहे, असं म्हणाल्या. मग विचारलं, "आजी, या कच्चा मासा खातात का?"

"पूर्वी खायची," मी म्हटलं.

"पूर्वी म्हणजे?"

"लग्नाआधी."

डॉक्टर बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि काहीतरी लिहिलं. बाहेर बाकावर चानपेंगने माझा हात धरला. तिला न सांगता कळलं होतं. "ताई, लीवेनला माशाचं सांगू नकोस. आजारी आहे ती आहेच, खोटारडी म्हणून नको जाऊ देऊस." मी मान हलवली. मला किती बरं वाटलं त्या वेळी. मला गप्प राहायला तिनेच सांगितलं होतं.

आमच्याकडे दुखणाइताला आईच्या घरी आणतात. आईचं घर म्हणजे माझं. चानपेंगला मी माझ्याकडे आणलं, आणि संध्याकाळी लीवेन उशी आणि तिची चादर घेऊन जिन्याशी आला, तर खामसिंग पायरीवर आडवा बसलेला.

"भावजी, वर जायचं नाही."

"का?"

"तुम्ही तळ्यात बुडालेल्या पोरांचं घर आणून माझ्या बहिणीच्या अंगणात लावलंत. पंखे दुरुस्त केलेत, ठीक. आता देवही दुरुस्त करायला निघालात."

लीवेनला तेव्हा पहिल्यांदा सगळं कळलं. तो खामसिंगकडे बघत राहिला, मग वर माझ्याकडे. "ताई, हिला काय झालंय ते डॉक्टरांनी सांगितलंय. तो किडा असतो. तुम्ही होतात ना आत? काय म्हणाल्या त्या?"

सगळी गल्ली जमली होती. खामसिंगही माझ्याकडे बघत होता.

मी म्हटलं, "डॉक्टर काय, काहीही विचारतात."

"पण तिने मासा सोडून अकरा वर्षं झाली," लीवेन म्हणाला. हे तो खामसिंगला सांगत होता की स्वतःला, कळलं नाही. बोलता बोलता त्याचा आवाज खाली आला. "अकरा वर्षं सोडलाय तिने."

चार दिवस त्याला वर येऊ दिलं नाही. तो जिन्याखाली खांबाला टेकून बसायचा. वरून चानपेंग हाक मारायची, खालून तो उत्तर द्यायचा. जेवलात का, हो जेवलो, तू, मीही, असं. पाचव्या दिवशी म्हातारी सीवायच्या अंगात आलं. राखणदार काय मागतो ते तिने सांगितलं. ज्या हातांनी ते घर सांधलं, त्याच हातांनी ते मोडायचं. एकेक कौल काढायचं, कठडे पहिल्यासारखे तोडायचे, आणि जसं होतं तसं पिंपळाखाली नेऊन ठेवायचं. मग नवऱ्याने बायकोपाशी जावं.

मी खिडकीतून बघत होते. लीवेनने शिडी लावली आणि पक्कड घेतली. पहिली काही कौलं तो जपून काढत होता, खिळा सरळ ओढून, चिरू नये म्हणून. दुरुस्त करणाऱ्याची सवय. सीवाय खालून म्हणाली, "तसं नाही, बाळा. मोडायचंय." तिच्या आवाजात राग नव्हता. ती त्याच्या पडवीत बसणारीच म्हातारी होती. मग त्याने हातोडी घेतली.

"ताई, कसला आवाज येतोय?" चानपेंगने विचारलं.

"लीवेन कुंपण दुरुस्त करतोय."

"आत्ता?"

"बसवत नाही त्याला स्वस्थ."

ती हसली. "मी मेल्यावरही माझी शवपेटी उघडून बिजागऱ्या बघेल तो."

दुपार टळेपर्यंत ठोकण्याचा आवाज येत होता. त्याने ते मोडकं घर हातगाडीवर घालून पिंपळाखाली नेलं आणि मागे न बघता परत आला. तेवढं त्याला कुणीतरी शिकवलं होतं. वर आला तेव्हा त्याच्या दोन्ही तळव्यांत लाकडाची कुसळं शिरली होती. चानपेंगच्या उशाशी बसला आणि एकोणीस दिवस तिथून फक्त अंघोळीला उठला.

अशाच एका अंघोळीच्या वेळी चानपेंग मला म्हणाली, "ताई, जिभेला चव नाही. एक घास दे ना." मी तळ्यातला मासा आणवून ठेवलाच होता. तिला तो गिळवला नाही. ओठांवर लिंबू तेवढं लागलं, आणि तिने डोळे मिटले. लीवेन ओल्या केसांनी आत आला आणि दारातच थांबला. त्याने वास घेतला.

"मी खाल्लं," मी म्हटलं.

"तिच्यासमोर नका खाऊ, ताई," तो हळू म्हणाला. "तिला इतकी वर्षं किती आवडायचं, तरी सोडलं तिने."

विसाव्या दिवशी सकाळी चानपेंग गेली. राखणदाराला जे हवं होतं ते मिळालं होतं, तरी गेली.  खामसिंग म्हणाला, उशीर झाला. लोकांनी माना हलवल्या, आणि लोक पुन्हा लीवेनशी चांगले वागायला लागले. कुणीतरी त्याच्याकडे मोडका रेडिओ घेऊन गेलं. त्याने तो हातात धरला, उलटा करून बघितला आणि परत दिला. "होणार नाही माझ्याकडून," म्हणाला. मग कुणी काही नेलं नाही.

शंभराव्या दिवसाचं भिक्षूंचं जेवण झालं, पाहुणे गेले. मी चुलीपाशी भांडी आवरत होते. लीवेन जिना चढून आला आणि माझ्यासमोर जमिनीवर बसला. 

"ताई, मला एकच विचारायचंय. तुम्ही तिच्या सगळ्यांत जवळच्या. मी त्या आजाराबद्दल जेवढं मिळालं तेवढं वाचलं. कच्चा मासा हेच कारण लिहितात. तिने खरंच सोडला होता ना? कधीतरी, एखाद्या लग्नात, कुणाकडे... माझा राग नाही. खाल्ला असेल तर सांगा. मला बरं वाटेल."

त्याने शेवटचं वाक्य दोनदा म्हटलं. मला बरं वाटेल.

तो चूक शोधत होता. पंखा उघडून तार कुठे तुटली ते बघावं तसा. आणि ती चूक माझ्या मांडीवर होती, मी नुसता हात पुढे करायचा होता. चानपेंगला मी गप्प राहायचं कबूल केलं होतं, हे खरं. पण तेव्हा मला चानपेंग आठवली नाही. मला एवढंच दिसलं की सांगितलं तर हा माणूस ही चूल बघेल, हे पान बघेल, अकरा वर्षांच्या दुपारी बघेल, आणि मग माझ्याकडे बघेल.

"सोडला होता," मी म्हटलं. "माझ्यादेखत तिने एक घासही खाल्ला नाही."

त्याने मान डोलावली. "म्हणजे ते घरच," तो म्हणाला. "म्हणजे मीच."

मी चुलीतलं लाकूड पुढे सारलं. नाही म्हणायला मला एक क्षण होता. तो बराच मोठा क्षण होता. लीवेनने हात जोडून कपाळाला लावले, मोठ्यांना लावतात तसे, आणि जिना उतरून गेला.

पुढच्या आठवड्यात तो बेल्जियमला गेला. तिथे एका भावाच्या घरी वरच्या खोलीत राहतो म्हणे. चानपेंगचं घर आता माझ्या नावावर आहे आणि बंद आहे. अंगणातला खांब वाळवीने पोखरलाय. मी सत्त्याहत्तर वर्षांची झाले.

दर नववर्षाला माझी मुलगी फोनवर त्याला निरोप पाठवते. विचारते, "आई, तुझ्याकडून काय सांगू?"

मी सांगते, "इकडे सगळं ठीक आहे म्हणावं."