उचलण्यापुरती ताकद

काकू उंचीला बेताच्या आणि अंगाने त्याहून बेताच्या. घरी शिलाई मशीनवर जाड कापडाची आवरणं शिवायच्या, गाड्यांची नि यंत्रांची. काका मात्र आडदांड. सत्तावीस वर्षं बेकरीत मैद्याची पोती वाहिलेला माणूस. तिथले लोक त्यांना 'डोंगर' म्हणत. दोघं शेजारी शेजारी चालायला लागले की बघणारे गालात हसत. काका म्हणत, "हसू देत. वारा सुटला की हिला धरून ठेवायला कुणीतरी हवंच ना!"

एका सकाळी बेकरीतच काकांची उजवी बाजू लुळी पडली. अठरा दिवसांनी दवाखान्यातून सुटका झाली, तेव्हा चार जणांनी त्यांना जिना चढवून वर आणलं, पलंगावर ठेवलं, पाणी प्यायले आणि गेले. मागे उरल्या काकू आणि ब्याण्णव किलोंचे काका.

तिसऱ्याच दिवशी, त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवायचं म्हणून काकूंनी त्यांच्या काखेत हात घातले, आणि दोघंही धाडकन जमिनीवर आले. काका अर्धे त्यांच्या अंगावर. शेजारीण शिवायला टाकलेलं आवरण न्यायला आली तेव्हा कुठे सुटका झाली. तोवर पाऊण तास दोघं तसेच पडून होते. काकांच्या डोळ्यांतलं पाणी ओघळून कानात जात होतं, आणि ते पुसायला काकूंचा एक हातही मोकळा नव्हता.

आठवड्यातून एकदा व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या ताईंनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "काकू, दिवसभराचा माणूस ठेवा."

काकांनी जोरजोरात मान हलवून नाही म्हटलं. परक्या माणसाने आपलं सगळं करायचं, हे त्यांना मरणाहून नकोसं होतं. आणि शिलाईवर चालणाऱ्या घराला ते झेपणारंही नव्हतं.

"मग आधी तुमची स्वतःची ताकद वाढवा," ताई म्हणाल्या. "यांच्या हातापायांचं मी बघते. पण तुमची पाठ गेली तर दोघांना कोण बघणार?"

म्हणून अठ्ठावन्नाव्या वर्षी काकू आयुष्यात पहिल्यांदा व्यायामाच्या सामानाच्या दुकानात शिरल्या. काउंटरवरच्या तरुणीने उत्साहाने एक भलंमोठं यंत्र दाखवलं. तारा, कप्प्या, लोखंडी पट्ट्या. "हे घेतलंत की घरातच जिम, काकू."

"आणि आम्ही दोघांनी झोपायचं कुठं? गॅलरीत?"

मागच्या खुर्चीवर बसलेले म्हातारे मालक हसले आणि उठून पुढे आले. "कशासाठी हवंय तुम्हाला?"

"नवऱ्याला उचलायला."

मालकांचं हसू ओसरलं. काकूंनी एक डंबेल हातात घेतलं होतं, ते त्यांनी अलगद काढून जागेवर ठेवलं. "हे नको. याला धरायला मूठ असते. माणसाला कुठं असते? माणूस लोंबतो, घसरतो, कवेत मावत नाही. तसंच काहीतरी उचलायची सवय करा." त्यांनी रबराचे दोन पट्टे काढून दिले, एक नरम आणि एक कडक, आणि बाकीचं घरीच करायला सांगितलं. "एक मजबूत पिशवी शिवून घ्या कुणाकडून तरी. आत वाळू भरायची, आणि दर पंधरवड्याला थोडी थोडी वाढवायची."

"कुणाकडून कशाला?" काकू म्हणाल्या. "तेच तर माझं काम."

त्या दिवशी त्यांनी ताडपत्रीची लांबट पिशवी शिवली, दुहेरी टाक्यांची. वाळू रद्दीवाल्याच्या काट्यावर तोलून आणली. आठ किलो. पहिल्यांदा उचलली तेव्हा धाप लागली.

रोज सकाळी पलंगासमोर हा कार्यक्रम चाले. पट्टा दाराच्या कडीला अडकवून काकू मागे ओढत, मग खुर्चीतून हात न टेकता उठत-बसत, मग पिशवी. काका पडल्या पडल्या मोजत. जीभ जड झाली होती, आणि आठ हा आकडा त्यांच्या डोक्यातून पार पुसला गेला होता.

"सात... नऊ... दहा."

"अहो, एक खाल्लात!"

"तुझाच... फायदा."

एकदा पिशवी हातातून निसटली तेव्हा काका अस्वस्थ झाले. डाव्या हाताने त्यांनी स्वतःची छाती थोपटली. "इथं लाव. अंगाशी. लांब... धरलंस की... जड होतं." सत्तावीस वर्षांची विद्या होती ती. काकूंनी पिशवी छातीशी कवटाळली, गुडघे वाकवले आणि उठल्या. खरंच सोपं गेलं. काकांचा अर्धा चेहरा उजळला. त्या दिवशी कितीतरी दिवसांनी ते पोटभर जेवले.

पण असे दिवस थोडे. घास गिळायला त्रास व्हायचा, चार घासांत तोंड फिरवायचे. पिशवी बारा किलोंची झाली, अठराची झाली, पावसाळा संपता संपता पंचवीसची. या काळात काकूंनी काकांच्या पायजम्याची कंबर दोनदा आत घेतली, सदऱ्यांना बाजूने टाके घातले. आयुष्यभर लोकांची मापं घेतलेली बाई. पण हे हातांनी केलं आणि मनाला कळू दिलं नाही.

मग एका दुपारी, शेजारणीला हाक न मारता, काकूंनी पाय फाकवून ठेवले, काकांना छातीशी घेतलं आणि एका दमात उचलून खुर्चीत बसवलं. दोघं एकमेकांकडे बघतच राहिले. काका मोठ्याने हसले. काकूंनी खुर्ची ढकलत गॅलरीत नेली. पाच महिन्यांनी काकांनी रस्ता पाहिला. समोरच्या दुकानाला नवा रंग दिला होता, तो त्यांना मुळीच आवडला नाही.

तेव्हापासून दिवसातून सहा वेळा उचलणं सुरू झालं. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात, परत पलंगावर. प्रत्येक वेळी काकांची हनुवटी काकूंच्या खांद्यावर टेकायची आणि डावा हात पाठीवर यायचा. चौतीस वर्षांच्या संसारात त्यांनी एकमेकांना इतकं जवळ कधी घेतलं नव्हतं. खाली ठेवल्यावरही तो हात जरा वेळ पाठीवर राहायचा. काकू घाई करत नसत.

पुढच्या तपासणीला दवाखान्यात काकांना खुर्चीसकट मोठ्या काट्यावर चढवलं. खुर्चीचं वजन वजा करून नर्सने आकडा सांगितला. सत्तावन्न. डॉक्टरांनी जुना कागद उलटून पाहिला, काकूंना बाहेर बोलावलं आणि हळू आवाजात बरंच काही सांगितलं. काकूंना त्यातलं एवढंच कळलं, की हे असंच उतरत जाणार.

घरी आल्यावर काकांनी विचारलं, "तुझी ताकद... वाढली? की मीच..."

"माझीच वाढली," काकू म्हणाल्या. बाही वर करून दंड पुढे केला. "बघा हात लावून."

काकांनी चाचपून पाहिलं. "खरंच की," ते म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते, आणि काकूही नाही. तरी दोघांनी मान दुसरीकडे वळवली.

त्यानंतर सात आठवडे काका होते. रोज दुपारी गॅलरीत बसायचे. एका दुपारी काकूंनी त्यांना पलंगावर ठेवलं, उशी सारखी केली, आणि पाणी घेऊन आल्या तेव्हा ते गेले होते.

मुलगी दुसऱ्या गावाहून आली. सगळं आटोपल्यावर मायलेकी काकांचे कपडे आवरायला बसल्या. सदऱ्यांच्या बाजूचे टाके बघून मुलगी म्हणाली, "आई, मला का नाही बोलावलंस? एकटीने केलंस सगळं."

काकूंनी एक सदरा उचलून हातात घेतला. मग म्हणाल्या, "पहिल्या दिवसांत, आम्ही पडलो ना, तेव्हा मी त्यांच्याखाली दबून पडले होते. श्वास घेता येत नव्हता. तेव्हा माझ्या मनात आलं, देवा, हा माणूस थोडा हलका असता तर." त्यांचं बोट टाक्यांवरून फिरत राहिलं. "असं मागितलं गं मी."

"आई, ते कुणाच्याही मनात आलं असतं."

"आलं असतं," काकू म्हणाल्या. "पण आलं माझ्या."

मुलीने त्यांच्या हातातला सदरा काढून घ्यायला हात पुढे केला. काकूंनी तो दिला नाही. चष्मा लावला, कात्री शोधली आणि बाजूचे टाके एकेक करून उसवायला घेतले.