धुतलेली सालं

चंदनाने मडक्याचं झाकण उचललं आणि ओढणी नाकाशी धरली. पुन्हा तेच. कालचा दुधी, परवाचा पालक, त्याआधीचा भात, सगळ्याचा काला झालेला आणि त्यात पांढऱ्या अळ्या जत्रेला आल्यासारख्या हिंडत होत्या. खत कसं असावं? मुठीत धरलं तर बसणारं, सोडलं तर सुटणारं. इथे मूठ वळली की बोटांतून काळं पाणी गळत होतं.

बंगळुरात, यशवंतपूरच्या त्या दुसऱ्या मजल्यावर स्वयंपाकघरामागे भांडी घासायला एक चिंचोळी जागा होती. एका अंगाला नळ, कठड्यावर आत्याची तुळस, आणि उरलेल्या कोपऱ्यात चंदनाची एकावर एक रचलेली तीन मडकी. आत्या म्हणजे तिच्या सासूबाई, सोयराबाई. वरच्या मडक्यात सालं-देठं टाकायची, त्यावर नारळाच्या काथ्याचा भुसा पसरायचा, भरलं की ते मडकं खाली सरकवायचं. लहान मूलही करेल, असं खत करायला शिकवणाऱ्या बाईने हसत हसत सांगितलं होतं.

त्या बाईचं हसणं आता चंदनाला टोचायचं. तिने भुसा दुप्पट केला. लोक बघत असताना रस्त्यावरची वाळकी पानं वेचून आणली. वखारीतून लाकडाचा भुसा आणला, आंबट ताक शिंपडलं. मडकी पीत राहिली, ओकत राहिली.

"झालं का गं तुझं सोनं?" गिरीराजने, तिच्या नवऱ्याने, चहा पिता पिता विचारलं.

तिने मडक्यावर झाकण घट्ट बसवलं. तिचं शिलाई मशीन नणंदेकडे गेलं तेव्हा तो असाच हसला होता. तिने लावलेल्या अळंब्यांची पिशवी बुरसली तेव्हाही. या घरात तिने आणलेलं काही म्हणता काही टिकलं नव्हतं. मडकी तरी टिकवायची, एवढंच तिने मनाशी धरलं होतं.

त्यातच खालच्या मजल्यावरच्या कावेरीअक्का वर आल्या.

"भांडायला नाही आले हां, चंदना. पण स्वल्प माझ्या खिडकीत येऊन उभी राहा. सांबाराला फोडणी देते की गटाराला, तेच कळेना झालंय मला."

"अक्का, अजून थोडे दिवस..."

"मागच्या वेळीही हेच म्हणालीस. रविवारी सकाळी येते मी. वास असला तर मडकी बाहेर. सरी? कळलं ना?"

शुक्रवारी डोकं ठणकायला लागलं म्हणून चंदना ऑफिसातून दुपारीच घरी आली. मागे नळ वाहत होता, आणि नळाच्या सुरात सूर मिसळून आत्या गुणगुणत होत्या:

"दारीची तुळस, हिला वाढिते मी घास,
धुऊन निवळून, नको उष्ट्याचा गं वास."

आत्या पाटावर बसल्या होत्या. मांडीत चाळण, चाळणीत दुधीची सालं, केळ्याची सालं, सकाळचा उरलेला भात. नळाखाली धरून, उलथंपालथं करून, तान्ह्या लेकराचं अंग चोळावं तसं त्या ते सगळं धूत होत्या. मग चाळण उचलून, तशीच निथळती, मडक्यात रिकामी केली.

"आत्या! हे काय करताय?"

"दिसत नाही? धुतेय."

"कचरा धुतात का कुणी?"

"कचरा असेल तर तुळशीला कशाला घालतेस?" आत्यांनी मान वर केली. "याचं खत तिलाच घालणार ना? गिरीने अर्धं तोंडात धरून सोललेलं केळं, त्याची साल मी माझ्या तुळशीला वाढू?"

"अहो, मला सांगायचंत तरी! मी भुसा टाकून टाकून मेले."

"कधी सांगू? घरी आलीस की तू मडक्याशी बोलतेस. माझ्याशी कुठे बोलतेस?"

चंदना तिथेच ओल्या फरशीवर बसली. "बरं. तुळशीला नाही घालत. कढीपत्त्याला घालू."

"आणि त्याची पानं नैवेद्याच्या आमटीत पडत नाहीत?"

चंदना उठली. राग धड आत्यांवरही करता येईना.

दोन दिवस तिने मडकी उपसली, चिखल चाळला, भुसा मिसळला, हातांना साबण लावून लावून कातडी सोलली. वास हटला नाही. रविवारी कावेरीअक्का दारात आल्या तेव्हा वरचं मडकं तिने स्वतःच उतरवून ठेवलं होतं.

"घेऊन जाते खाली," ती म्हणाली.

"थांब," आत्या मागून आल्या आणि कन्नडमध्ये कावेरीअक्कांशी बोलू लागल्या. "कावेरी, हा वास माझ्या हातचा आहे. तुळशीला उष्टं जाऊ नये म्हणून मीच सगळं धुवून टाकत होते."

कावेरीअक्कांनी नाकावरचा पदर काढला. "तुळशीसाठी होय? मग सोयराम्मा, आधी नाही का सांगायचं! उष्टं कसं घालणार तुळशीला? बरोबरच आहे तुमचं. पण धुतल्यावर वाळवा तरी. सांडगे वाळवतो तसे, उन्हात."

"ते सुचलंच नाही बघ."

"आणि चंदना, मडकी राहू दे. महिनाभर बघू."

चंदना दोघींकडे बघत राहिली. जे मागता मागता तिची जीभ झिजली, ते आत्यांना एका वाक्यात मिळालं. आणि मडकीही त्याच वाक्यात आत्यांची झाली.

सोमवारी सकाळी धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन ती मागे गेली तर पाऊल ठेवायला जागा नव्हती. जुनं लुगडं अंथरून आत्यांनी सालं मांडली होती, एकेक सुटी, ओळीने. शेजारी काठी घेऊन त्या कावळे हाकत बसल्या होत्या.

"कपडे कुठे वाळत घालू मी?"

"खाली कावेरीकडे जा. तिचा कठडा रिकामाच आहे."

चंदनाने बादली उचलली. ती जिन्याकडे वळली.

"आणि ऐक गं," मागून आत्यांचा आवाज आला, "येताना तिच्याकडची सालंही आण. धुवून दे म्हणावं."