शीतलच्या सायकलचा चिमटा

चिमटा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे चुलीजवळचा येईल. मित्रांनो, मी तो नव्हे. मी डोंगरात चालवायच्या सायकलचा जुना चिमटा आहे, पुढचं चाक ज्याच्या दोन पायांत बसतं तो. माझ्या पोटात स्प्रिंग नाही, नुसती हवा आणि वंगणापुरतं थोडं तेल. चाक दगडावर आदळलं की मी दबतो आणि हाताला बसणारा दणका स्वतः गिळतो. निदान गिळायचो. आता तानसा तलावाकडे, शहरातल्या पाहुण्यांना डोंगरात सायकलीवर फिरवणाऱ्या एका कॅम्पच्या शेडमध्ये खिळ्याला टांगलेला असतो.

जन्म परदेशातल्या कारखान्यातला. तिथून मुंबईच्या एका हौशी माणसाकडे आलो. त्याची हौस लवकरच फिटली आणि सायकल तो कॅम्पवरच सोडून गेला. कॅम्पचा मालक सुदाम. सायकलींची दुरुस्ती तोच करायचा. त्याने मला शीतलच्या हवाली केलं, आणि तिथून माझे चांगले दिवस सुरू झाले.

शीतल डोंगराकडच्या पाड्यावरची. दिवाळी झाली की आई गोदू, बाप कमळू, सगळं घर वीटभट्टीवर जायचं ते पावसाच्या तोंडाशी परतायचं. पोर तिथेच चिखल तुडवत वाढली, शाळाही त्यातच सुटली. कॅम्पवर ती भांडी घासायला आली होती. पाहुण्यांच्या सायकली जागेवर लावता लावता अशी चालवायला लागली की सुदाम बघतच राहिला. त्याने सांगितलं, दसऱ्यानंतरच्या रविवारी पाहुण्यांना घेऊन डोंगर उतरून दाखव, नीट उतरवलंस तर वाटाड्याची बारमाही नोकरी तुझी. बारमाही म्हणजे भट्टी कायमची सुटली. शीतलला दुसरं काही नकोच होतं.

तिने मला जपलं, खोटं कशाला बोलू? माझ्यात हवा भरायची म्हणजे पंक्चरवाल्याकडे जाऊन फुस्स करून आणणं नव्हे. त्याला दाब दाखवणारा काटा असलेला छोटा हातपंप लागतो. शीतल पाण्याची बाटली, पाठपिशवी, हेल्मेट, सगळं अंगावर घेऊन सायकलवर बसायची, कारण मला तिचं पुरतं वजन कळायला हवं. माझ्या वरच्या नळीवर एक रबरी कडी आहे, आणि नळी खालच्या पायात शिरते तिथे घाण अडवणारं रबरी सील. बसल्यावर कडी खाली सीलला टेकवायची, अलगद उतरायचं, आणि मी वर आलो की दोघांत किती अंतर पडलं ते बघायचं. मी चौथाई दबलो तर बरोबर. जास्त दबलो तर हवा कमी. पंप काढताना फुस्स होतं ते पंपातल्या हवेचं, त्याला घाबरायचं नाही. आणि फिरून आल्यावर नळ्या मऊ फडक्याने पुसायच्याच, कारण घाण सीलमधून आत गेली की माझी वाट लागली.

दसऱ्याला सुदामने सायकल तिला घरी नेऊ दिली. त्या दिवशी कोयता, विळा, पहार, सगळ्यांची पूजा असते. गोदूने सायकलला झेंडू आणि भाताच्या लोंब्यांचा हार घातला. कुंकू कुठे लावावं म्हणून बघितलं, तर माझ्या नळ्या सगळ्यात चकचकीत. तेच तिला सायकलचं तोंड वाटलं. दोन्ही नळ्यांवर ओलं हळदकुंकू, वर तांदळाचे दाणे. लेकीला नोकरी लागू दे म्हणून तिने हात जोडले. मला तर लाजल्यासारखं झालं. एवढी माया माझ्यावर कोणी केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शीतल फडकं घेऊन आली. नळीपर्यंत हात नेला आणि थांबली. आईने मागणं मागून लावलेलं कुंकू आपल्या हाताने पुसायचं? तिचा हात धजेना. आपसूक जाईल असं म्हणत ती सरावाला निघाली. अगं बाई, आपसूक जातं ते आत जातं! मला तोंड असतं तर मी अख्खा पाडा गोळा केला असता.

रोजच्या सरावात वाळलेलं कुंकू आणि तांदळाचा चुरा माझ्या तेलात उतरला, आणि आतलं हवेचं सील कापत गेला. रविवारी सकाळी तिने कडी बघितली, तर मी निम्मा दबलेला. पाहुणे हेल्मेट बांधून तयार उभे. सुदामला सांगावं असं तिच्या मनात आलं, पण सांगितलं तर आजची संधी जाणार, आणि दिवाळी तोंडावर. तिने पंप लावला, काटा जागेवर आणला आणि निघाली.

वरच्या उतारावर मी कसाबसा टिकलो. ओढ्याजवळ गुडघाभर उंचीची दगडी पायरी आहे, तिच्यावरून सायकल खाली उडवावी लागते. तिथे पोचेपर्यंत माझ्यात हवाच उरली नव्हती. चाक आदळलं, मी तळाला टेकलो आणि वर आलोच नाही. शीतल माझ्यावरून पुढे फेकली गेली. उजवं कोपर दगडावर आपटून फुटलं. दवाखान्यांत फिरून हात वाचला, पण तो आता सरळ होत नाही, मूठ वळत नाही. नोकरी भूमिका नावाच्या मुलीला मिळाली. तिचा बिचारीचा काय दोष?

सुदामने मला उघडलं तेव्हा शीतल हात गळ्यात बांधून शेजारीच बसली होती. तेल लालसर निघालं, त्यात तांदळाची कणी. ती त्याने बोटावर घेऊन तिच्यापुढे धरली. शीतल म्हणाली, "दादा, आयेला सांगू नका."

भट्टीला निघायच्या दिवशी गोदू तिला न्यायला आली. माझ्याकडे बघत उभी राहिली.

"पूजेत माझं काय चुकलं का गो?"

"नाय आये. धोंडा आडवा आला."

मित्रांनो, मायेने लावलेलं पुसवत नाही, हे मला कळतं. तरी नमस्कार करा आणि पुसा. लावणाऱ्याला राग येत नाही, त्याला तुम्ही धड घरी यायला हवे असता. आणि ज्याच्या भरवशावर बसता ते रोजच्याहून जास्त दबलं, तर नुसती हवा भरून निघू नका.

भट्टीवरून आलेलं कोणी परवा सुदामला सांगत होतं. शीतल डाव्या हाताने विटा पलटते. गोदू अजून तिला विचारते, धोंडा केवढा होता म्हणून. आणि शीतल दर वेळी तो आधीपेक्षा मोठा सांगते.