धक्क्यावरचा शेवट

सार्वजनिक वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दर रविवारी दुपारी जुने सिनेमे दाखवणारा एक क्लब होता. त्याला पंचवीस वर्षं झाली, तेव्हा सभासदांनी ठरवलं की आजवरच्या सगळ्यांत थोर सिनेमांची एकदाची यादी करून टाकायची. प्रत्येकाने दहा नावं द्यायची, क्रम लावून. पहिल्याला दहा गुण, दहाव्याला एक. बेरीज गणिताच्या बाई करणार. क्लबाचे चिटणीस दातांचे डॉक्टर होते. त्यांनी छापील कागद वाटले आणि पुढचा दीड महिना त्या जिन्यावर वादावादीशिवाय काही ऐकू आलं नाही. वीस वर्षं शेजारी बसून सिनेमे बघणारी दोन माणसं कृष्णधवल मोठा की रंगीत, यावरून दोन टोकांच्या खुर्च्यांवर जाऊन बसली.

या क्लबात एक बाई होत्या. त्यांना सगळे ‘वन्सं’ म्हणत, अगदी डॉक्टरसुद्धा. कारण त्यांच्यासोबत येणारी त्यांची भावजय त्यांना तशी हाक मारायची आणि तेच नाव चिकटलं. वन्संनी चौतीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासली होती. लग्न केलं नाही, भावाच्या घरीच राहिल्या. निवृत्तीनंतर त्यांच्या दृष्टीच्या मधोमध एक राखाडी डाग येऊन बसला आणि पसरत गेला. कडेकडेचं थोडं दिसायचं, पण जिकडे बघावं तिथे नेमका डाग. क्लब सोडायचा नाही म्हणून त्यांनी वहिनीला सोबत न्यायला सुरुवात केली. पडद्यावर काय चाललंय ते वहिनी त्यांच्या कानात सांगायची.

वहिनीचं घराच्या पुढच्या खोलीत कपडे उसवून, आवळून, सैल करून देण्याचं दुकान होतं. त्यामुळे सुरुवातीला तिचं सांगणं सगळं कपड्यांबद्दल असायचं. नायक फाशीच्या तख्ताकडे चाललेला असायचा आणि वहिनी कुजबुजायची, “कोट खांद्यात दाटतोय हो त्याला.” वन्सं दात आवळून म्हणायच्या, “अगं, तो जिवंत आहे का ते सांग.” मागच्या रांगेतले लोक आधी शुक्‌शुक् करायचे. पण हळूहळू वहिनी तयार झाली. कुठे थांबायचं, कुणाचा चेहरा सांगायचा, कधी नुसतं गप्प राहायचं, हे तिला उमगलं. मग शुक्‌शुक् करणारेच त्यांच्या आसपासच्या खुर्च्या धरू लागले.

दोन वर्षांपूर्वी वन्संचा भाऊ, म्हणजे वहिनीचा नवरा, चार दिवसांच्या कामाला परगावी गेला आणि तिथेच झोपेत गेला. घरात दोघी उरल्या. आपण रडलो तर दुसरीला त्रास होईल, असं दोघींनाही वाटायचं, म्हणून त्याचा विषय निघालाच तर स्वयंपाकघरात काहीतरी शिजत असल्याची आठवण व्हायची.

त्या वर्षी क्लबाने एक खूप जुना सिनेमा दाखवला होता. एका धक्क्यावर तिकिटं विकणारी बहीण आणि बोटीवर कामाला गेलेला तिचा भाऊ. ती रोज बोटीची वाट बघते. शेवटच्या प्रसंगात बोट लागते, माणसं उतरतात, धक्का रिकामा होतो. भाऊ येत नाही. बोटीवरचा एक म्हातारा खलाशी त्याचा कोट आणून तिच्या हातात देतो. ती त्याची घडी घालते, संपलं. शब्द एकही नाही, मागे फक्त पाण्याचा आवाज.

वहिनीने तोवर सगळं बारकाईने सांगितलं होतं. बोट लागल्यावर मात्र ती थांबली. वन्संनी कोपराने ढोसलं. मग वहिनी म्हणाली, “उतरला तो. सगळ्यांच्या मागून. कोट हातावर टाकलाय. तिने कोट घेतला आणि झटकला.” वन्संनी मोठा श्वास सोडला आणि दिवे लागेपर्यंत तिचा हात धरून ठेवला.

आता यादीच्या वेळी डॉक्टरांनी सभा बोलावली. ज्याने त्याने आपला पहिला नंबर सांगायचा आणि तो का, तेही. वन्संची पाळी आली. त्यांनी धक्क्याच्या सिनेमाचं नाव घेतलं.

“दुःखावर संपवणं सोपं असतं,” त्या म्हणाल्या. “इथे अख्खा सिनेमा आपल्याला वाईटाची तयारी करायला लावतो आणि शेवटी तो सरळ बोटीतून उतरतो. ती मिठीबिठी मारत नाही, नुसता कोट घेऊन झटकते. एवढं साधं सुख दाखवायला धाडस लागतं.”

बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ म्हणाले, “पण वन्सं, तो तर...” आणि डॉक्टरांनी डोळे वटारल्यावर वाक्य गिळून बसले.

ज्या बाईने जन्मभर गाळलेले शब्द शोधले, तिला एवढं पुरेसं होतं. वन्सं खाली बसल्या. घरी जाताना रोजच्यासारखा त्यांनी वहिनीचा दंड धरला नाही. भिंतींना हात लावत, कुंपणं चाचपत त्या एकट्या चालल्या आणि वहिनी दोन पावलं मागून.

घरात शिरल्यावर त्यांनी विचारलं, “मूळ प्रतीत काय आहे?”

“तो येत नाही,” वहिनी म्हणाली. “खलाशी नुसता कोट आणून देतो.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“तुम्हाला त्रास होईल म्हणून.”

वन्सं खुर्चीच्या पाठीला धरून उभ्याच होत्या. “चौतीस वर्षं लोकांचं लिहिलेलं वाचलं मी. कितीदा वाटायचं, हे असं नको होतं. पण कुणाच्या मजकुरात पदरचा एक स्वल्पविराम घातला नाही. डोळे गेले माझे, वहिनी. रडायचं की हसायचं, ते तरी माझं मला ठरवू दे.”

चार दिवस दोघींत कामापुरतं बोलणं झालं. गोळी घेतली का, दार लावलं का. वहिनीचं मशीनवर चित्त लागेना. एका गिऱ्हाइकाच्या पँटचा एक पाय दोन बोटं आखूड झाला, तो उसवून पुन्हा करताना तिने सुई बोटात रुतवून घेतली. गुरुवारी दुपारी ती काम तसंच टाकून आतल्या खोलीत गेली. वन्सं रेडिओ न लावता रेडिओसमोर बसल्या होत्या.

“तुमच्यासाठी नव्हतं ते,” वहिनी म्हणाली. “खोटं बोलले मी परवासुद्धा. तो आला नाही, एवढे तीनच शब्द होते. जिभेवर आले होते. माझ्याच्याने म्हणवले नाहीत.”

वन्संनी मान वर केली. बराच वेळ त्या वहिनीच्या दिशेने, तिच्या जरा बाजूला, बघत राहिल्या. तसं बघितलं की त्यांना माणसाची कड दिसायची.

“डॉक्टरांना फोन लाव,” त्या म्हणाल्या.

शनिवारी दुपारी डॉक्टरांनी दवाखाना तासभर बंद ठेवला, वाचनालयाची किल्ली आणली, पडदे ओढले आणि सिनेमाचा शेवटचा भाग लावून दिला. मग ते स्वतःहून बाहेर जिन्यात जाऊन बसले.

रिकाम्या हॉलमध्ये दोघीच. वहिनीने सुरुवात केली. बोट दिसायला लागली. धूर सरळ वर जातोय, वारा नाहीये. ती तिकिटाच्या खिडकीतून बाहेर आली. बोट लागली. एक बाई उतरली, कडेवर मूल आहे. दोन पोती उतरवली. एक माणूस उतरला, हा नव्हे. धक्क्यावर कोणी राहिलं नाही.

इथे वहिनीचा आवाज फाटला. वन्संनी घाई केली नाही. हाताने खुर्ची चाचपत त्यांनी तिची बोटं शोधली.

“तो आला नाही, वन्सं,” वहिनी म्हणाली.

“हं. पुढे?”

“खलाशाने कोट दिला. ती त्याची घडी घालतेय. बाही आत, मग दुसरी बाही. कॉलर सारखी केली.”

पडदा पांढरा झाला तरी दोघी उठल्या नाहीत. दोन वर्षांचं रडणं होतं, त्याला वेळ लागला. बाहेर डॉक्टरांनी दोनदा घड्याळ पाहिलं आणि दोन्ही वेळा ते खिशात ठेवून दिलं.

घरी परत जाताना वन्संनी विचारलं, “दादाची बॅग उघडली नाहीस ना अजून?”

ती परगावाहून कोणीतरी आणून दिली होती आणि तेव्हापासून पलंगाखाली होती. त्या संध्याकाळी दोघींनी ती ओढून काढली. आत दोन शर्ट, दाढीचं सामान, चष्म्याचं घर, आणि कागदात गुंडाळलेली चार डझन बटणं. दुकानासाठी घेतलेली, उघडच होतं. वहिनीने ती दिव्याखाली धरली.

“रंग कसला?” वन्संनी विचारलं.

“कावीळ झाल्यासारखा पिवळा. ही कुणाच्या कपड्याला लावणार होते हे?”

“त्याला रंगाची अक्कल कधीच नव्हती,” वन्सं म्हणाल्या, आणि मग त्या इतक्या हसल्या की वहिनीलाही हसू आवरेना. दोघी जमिनीवर, मधे शर्ट पसरलेले, आणि त्याच्याबद्दल एकापाठोपाठ एक गोष्टी निघत राहिल्या. लहानपणच्या वन्संकडच्या, नंतरच्या वहिनीकडच्या. काही दोघींकडे वेगवेगळ्या होत्या आणि त्यावरून वादही झाला.

दुसऱ्या दिवशी वन्संनी आपल्या यादीचा कागद बदलून मागितला. धक्क्याचा सिनेमा पहिल्यावरून तिसऱ्यावर आला. डॉक्टरांनी भीत भीत कारण विचारलं. वन्सं म्हणाल्या की शेवट पहिल्या नंबराचाच आहे, पण मधला भाग लांबलाय, ते आता निवांतपणे लक्षात आलं. मग त्यांनी हात पुढे केला आणि आणखी एक कोरा कागद मागितला, वहिनीसाठी. इतकी वर्षं तिने इथला एकेक सिनेमा पाहिला होता, दोन माणसांचा मिळून, पण तिला तिचे दहा कुणी विचारले नव्हते.

वहिनी मागच्या खुर्चीवर कागद मांडीवर घेऊन बसली. पाऊण तासाने तिने तो गणिताच्या बाईंना दिला. त्यावर चारच नावं होती. बाई म्हणाल्या, दहा हवीत. वहिनी म्हणाली की बाकीचे चांगले होते, पण थोर म्हणवत नाही. बाईंनी जरा विचार केला, चष्मा सारखा केला आणि त्या चार नावांपुढे दहा, नऊ, आठ, सात असे गुण मांडून पुढची बेरीज करायला घेतली.