शिंप्याचं डोकं

समोरच्या दुकानातला शिंपी कापड बेतायला वाकला आणि रस्त्याच्या अलीकडे उभ्या असलेल्या न्हाव्याच्या काळजात चर्र झालं. शिंप्याच्या मानेवरची केसांची रेघ ताजी होती. फार तर दोन दिवसांपूर्वीची. आणि ती न्हाव्यानं मारलेली नव्हती.

तीस वर्षं त्या डोक्याला दुसऱ्या कुणाची कात्री लागली नव्हती. शिंप्याचे केस दाट, कुरळे आणि एक नंबरचे हट्टी. त्यात डोक्यावर दोन भोवरे, एक डावीकडे फिरणारा, एक उजवीकडे. नवख्यानं हात घातला की मागे कोंबड्याच्या तुऱ्यासारखा झुबका उभा राहिलाच म्हणून समजा. त्या दोन भोवऱ्यांची समजूत कशी काढायची हे जगात आपल्या एकट्यालाच ठाऊक आहे, असं न्हावी छातीठोकपणे सांगायचा.

गेला दीड महिना शिंपी खुर्चीत बसला नव्हता. आधी काम फार होतं, मग सर्दी झाली, मग पुढच्या बुधवारी नक्की. मध्येच कधी नव्हे ती डोक्यावर टोपी आली. आज उकडलं म्हणून त्यानं ती क्षणभर काढली आणि सगळं उघडं पडलं.

बायकोवर संशय घेणाऱ्या माणसाला चार शेजारी समजावायला तरी येतात. गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं म्हणून जळणाऱ्या न्हाव्याकडे कोण येणार? दुपारी घरी तो ताटातला भात नुसता चिवडत बसला.

"अहो, जेवा आधी," बायको म्हणाली. "डोकं त्याचं आहे. कुठंही कापून घेईल."

"डोकं त्याचं असेल. केस माझे आहेत."

बायकोनं ताट उचललं.

मग न्हाव्यानं सूड उगवला. त्याचे शर्ट तीस वर्षं शिंपीच शिवत होता. हात वर धरून धरून न्हाव्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा अर्धं बोट वर गेलेला. शिंपी एक शब्द न बोलता तेवढं कापड त्या बाजूला जास्त सोडायचा, त्यामुळे तो वाकडेपणा जगात कुणाला दिसत नसे. न्हाव्यानं बाजारातून तयार शर्ट आणला, निळा, चट्ट्यापट्ट्यांचा, आणि तो घालून शिंप्याच्या दुकानासमोरून तीन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीला शिंप्यानं शिलाई मशीन थांबवून वर पाहिलं.

"खांद्यात ओढतोय रे," एवढंच म्हणाला आणि पुन्हा पायडल मारू लागला.

न्हाव्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण चोर कोण ते कळल्याशिवाय भांडणार कुणाशी? दुसऱ्या दिवशी तो सुई मागायच्या निमित्तानं शिंप्याच्या दुकानात शिरला आणि त्याच्या पाठीमागे जाऊन उभा राहिला. शिंपी सुई शोधत होता. न्हावी भोवरे बघत होता.

झुबका नव्हता. दोन्ही भोवऱ्यांवरचे केस ओले असताना कापलेले, फिरण्याच्या उलट दिशेनं, आणि बाकीच्यांपेक्षा एक बोट लांब ठेवलेले. ही त्याचीच युक्ती होती. ती त्यानं आयुष्यात एकाच माणसाला शिकवली होती.

आपल्या लेकीला. तिला घरीदारी सगळे चिंगी म्हणत. बापाच्या दुकानात स्टुलावर उभी राहून ती कात्री धरायला शिकली होती. दोन वर्षांपूर्वी कसलासा कोर्स करून आली आणि येणाऱ्या प्रत्येकाला प्रश्न विचारू लागली. खाज येते का, केस कधी धुता, उशीवर गळलेले दिसतात का? सरळ, बारीक केसांच्या कारकुनाला म्हणाली, तुमचे केस संध्याकाळपर्यंत तेलकट होऊन चप्प बसतात, तेल बंद करा आणि एक दिवसाआड धुवा. कुरळ्या केसांच्या नर्सबाईंना म्हणाली, कोरड्या केसांत फणी घालू नका, ओले असताना रुंद दातांच्या फणीनं टोकांपासून सोडवत वर या. गिऱ्हाइकांनी माना डोलावल्या. बापाचं तोंड मात्र दिवसेंदिवस उतरत गेलं.

कारण न्हाव्याच्या खुर्चीतून तेल लावून घेतल्याशिवाय कुणी उठत नसे. तीळ, एरंड आणि तिसरं एक, जे तो कुणालाही सांगत नसे, असं मिश्रण निळ्या बाटलीत भरलेलं असायचं. केस सरळ असोत, कुरळे असोत, अर्धे गळालेले असोत, कापून झाले की मूठभर तेल आणि दहा मिनिटं मालिश. नको म्हणणाऱ्याकडे तो असा बघायचा की पुढच्या वेळी तो माणूस स्वतःहून डोकं पुढे करायचा.

"सगळ्यांना तेल चालत नाही, बाबा," चिंगी एकदा भर दुकानात म्हणाली.

"एवढी शहाणी झालीस तर काढ स्वतःचं दुकान."

तिनं खरंच काढलं, दोन गल्ल्या सोडून. उद्घाटनाला न्हावी पाच मिनिटं उभा राहून आला, त्यानंतर त्या दारात त्यानं पाय ठेवला नाही. त्याचे स्वतःचे केस आधी चिंगीच कापायची. आता तो दोन आरसे समोरासमोर धरून मागचे केस कसेबसे उरकायचा, आणि ते उंदरानं कुरतडल्यासारखे दिसायचे. शिवाय चिंगी दुकानात होती तेव्हापासून उजव्या हाताचा अंगठा सकाळी आखडायचा. हे त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं.

चोर घरचाच निघाला म्हणून त्याला बरं वाटायला हवं होतं. उलट जास्त झोंबलं. परक्यानं नेलं असतं तर शिव्या देता आल्या असत्या. इथं आपणच शिकवलेल्या हातानं आपलंच डोकं पळवलं होतं, आणि वर तसूभरही चूक ठेवली नव्हती. चूक असती तरी त्याला रात्री झोप लागली असती.

पुढच्या बुधवारी दुपारी शिंप्यानं दुकान ओढून घेतलं तसा न्हावीही निघाला. शिंपी चिंगीच्या दारात शिरला. न्हाव्यानं बाहेर शंभर आकडे मोजायचं ठरवलं आणि साठालाच दार ढकललं.

शिंपी बेसिनवर मान मागे टाकून पडला होता. डोकंभर पांढरा फेस. चिंगी शेजारी फेसाचे हात वर धरून उभी, नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे.

"वा!" न्हावी गरजला. "तीस वर्षांचं नातं आणि इथं येऊन पालथा पडलास?"

"उताणा पडलोय," शिंपी फेसातून म्हणाला. "डोळ्यांत जाईल रे, ओरडू नकोस."

"ऊठ आधी!"

"तीन मिनिटं राहिलीत, बाबा," चिंगी म्हणाली. "औषध आहे ते. पाच मिनिटं डोक्यावर राहिलं नाही तर उपयोग नाही. तोवर बसा."

न्हावी बसला नाही. तो तीन मिनिटं उभ्यानं धुमसत राहिला. लेक बापाला थांबायला सांगते आणि बाप थांबतो, हे शिंप्यानं उताण्यानं ऐकलं याचाही त्याला राग आला. मग चिंगीनं फेस धुतला, टॉवेलनं नुसतं टिपलं आणि बापाला बोलावलं.

"इकडे या. भांग पाडून बघा."

न्हाव्यानं भांग पाडला. कातडीवर लालसर चट्टे होते, सुकत आलेले. कानामागे खाजवून झालेल्या जखमेवर खपली धरली होती. हे चट्टे त्याच्या ओळखीचे होते. गेली चार-पाच वर्षं तो ते बघत होता. कोंडा दिसला की तो म्हणायचा, कोरडं पडलंय डोकं, आणि आणखी तेल ओतायचा. कोंडा वाढला की तेल वाढायचं.

"काकांचे केस कोरडे आहेत," चिंगी हळू म्हणाली. "कुरळे केस असतातच. पण खालची कातडी कोरडी नाही. तेलानं हा कोंडा आणखी वाढतो. मी आधी त्यांना त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवलं, त्यांनीच हा शाम्पू लिहून दिला. तेल फार तर केसांच्या टोकांना लावायचं."

"मला का नाही सांगितलंस?" न्हाव्यानं शिंप्याला विचारलं.

"तुला? तुझ्या खुर्चीत बसून तेल नको म्हणायची कुणाची छाती आहे?" शिंपी उठून बसला. "वकीलसाहेबांचा काळा कोट शिवून दिला. त्यांनी घातला, आरशात बघितलं, आणि पाठीवर हे सगळं पांढरं. हा माझा कोंडा, त्यांच्या अंगात कोट चढवताना पडलेला. मी म्हणालो, खडू आहे साहेब, बेतायचा खडू. ते म्हणाले, खडू असा खवल्याखवल्यांचा असतो होय? कोट काढून टेबलावर ठेवून गेले. अजून परत आलेले नाहीत."

न्हाव्याला तोंड वर करवेना. आपल्या तेलाला बोल लागू नये म्हणून ह्या माणसानं सगळं खडूवर ढकललं होतं. पण लाज वाटत असतानाही आतलं जळणं थांबलं नव्हतं, हे लपवण्यात अर्थ नाही. तो मान खाली घालून दोन्ही भोवरे पुन्हा पुन्हा तपासत होता. कुठंतरी एक केस वेडावाकडा सापडावा, अशी त्याची मनापासून इच्छा होती.

"तुमचंच गिऱ्हाईक आहे, बाबा," चिंगी म्हणाली. "परत न्या. पण धुवायचं असंच."

तिनं शाम्पूची बाटली त्याच्या हातात ठेवली. न्हावी ती घेऊन, निरोपही न घेता, निघून गेला.

पुढच्या महिन्यात शिंपी टोपीशिवाय आला आणि नेहमीच्या खुर्चीत बसला. न्हाव्यानं केस कापले. कापून झाल्यावर सवयीनं त्याचा हात निळ्या बाटलीकडे गेला, तिच्यावर टेकला आणि परत आला. मग त्यानं शिंप्याला बेसिनवर मागे वाकवलं, शाम्पू लावला आणि घड्याळाकडे बघितलं.

पाच मिनिटं हात रिकामे ठेवायची त्याला सवय नव्हती. त्यानं फणी पुसली, कात्री पुसली, पुन्हा फणी पुसली.

"ही पाच मिनिटं चिंगी काय करायची?" शेवटी त्यानं विचारलं. विचारताना आवाज साधा ठेवायचा त्यानं बराच प्रयत्न केला.

"बोलायची."

"काय?"

"तुझ्याबद्दल विचारायची. बाबा जेवायला वेळेवर जातात का? मागचे केस स्वतःच कापतात का? आणि दर वेळी न चुकता, बाबांचा अंगठा अजून दुखतो का?" शिंप्यानं एक डोळा उघडला. "मी म्हणायचो, मला काय माहीत. दुखतो का रे?"

"छे," न्हावी म्हणाला.

त्यानं घड्याळाकडे पाहिलं तेव्हा सात मिनिटं होऊन गेली होती. त्यानं घाईघाईनं फेस धुतला. धुताना अंगठा दुखत होता.

शिंपी गेल्यावर न्हावी त्याच खुर्चीत बसला. तीस वर्षांच्या दोस्ताला लेक दर आठवड्याला भेटत होती आणि त्याच्याशी आपल्याबद्दल बोलत होती. आता मत्सर नेमका कुणाचा करायचा तेच त्याला कळेना. शिंप्याचाच करावा, असं शेवटी त्यानं ठरवलं. एवढे आठवडे त्याच्या कानात पडलेलं आपल्या कानात पडायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो चिंगीच्या दुकानात गेला. आत दुसरं कुणी नव्हतं. तो सरळ जाऊन खुर्चीत बसला. तिनं त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं, मागे जाऊन ते कुरतडलेले केस बघितले आणि एक उसासा टाकला. मग वही उघडली.

"डोक्याला खाज येते?"

"नाही."

"केस गळतात?"

"वयानुसार."

"तेल कोणतं लावता?"

न्हाव्यानं आरशातून तिच्याकडे पाहिलं. "टेलरलाही हेच विचारलंस?"

"सगळ्यांना हेच विचारते, बाबा."

"मग मला काहीतरी वेगळं विचार."

चिंगीनं वही मिटली. खुर्चीला वळसा घालून ती समोर आली आणि कापडाखालून त्याचा उजवा हात बाहेर काढून आपल्या हातात घेतला.

"अंगठा दुखतो का अजून?"

"दुखतो," न्हावी म्हणाला. "कात्री धरली की फार दुखतो."